एरिक वुल्फ : एका निर्वासिताची ज्ञानयात्रा

विसाव्या शतकातील मानववंशशास्त्राच्या इतिहासात एरिक वुल्फ यांचे नाव आदराने घेतले जाते. शेतकऱ्याचे अर्थजीवन, सत्तेचे स्वरूप आणि जगाच्या दूरदूरच्या समाजांना बांधणारे व्यापाराचे धागे हे त्यांचे विषय. आपल्याकडे विद्यापीठांबाहेर त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. मात्र ज्यांचा शेतीशी, व्यापाराशी आणि सावकारीशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध आला, अशा आपल्या समाजाने या माणसाची ओळख करून घ्यावी, असे त्यांचे चरित्र आणि विचार आहेत.

वुल्फ यांचा जन्म १ फेब्रुवारी १९२३ रोजी व्हिएन्ना येथे एका यहुदी कुटुंबात झाला. वडील ऑस्ट्रियाचे. पहिल्या महायुद्धात ते रशियाच्या हाती सापडले आणि युद्धकैदी म्हणून सैबेरियात गेले. तेथेच त्यांची भावी पत्नीशी भेट झाली. ती एका राजकीय हद्दपाराच्या घरातील. म्हणजे कैद आणि हद्दपारी या दोन्ही गोष्टी या मुलाच्या जन्मापूर्वीच त्याच्या घरात येऊन गेल्या होत्या. घरात धर्माचे आचरण फारसे नव्हते. आपण यहुदी आहोत याची जाणीव त्यांना शेजाऱ्यांनीच अधिक करून दिली.

१९३३ साली हे कुटुंब चेकोस्लोव्हाकियातील तानवाल्ड या गावी गेले. वडील तेथे एका कापडगिरणीचे व्यवस्थापक झाले. हा सारा सुडेटेन प्रदेश सरहद्दीवरचा. जर्मन भाषा बोलणारे आणि चेक भाषा बोलणारे लोक तेथे शेजारी शेजारी राहत. बाजार एक, गिरणी एक, डोंगर एक. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यावर या शेजाराला तडे जाऊ लागले. दहा-अकरा वर्षांचा एरिक हे सारे पाहत होता. काल एकत्र खेळणारी मुले आज भाषा विचारून जवळ येतात किंवा दूर जातात, हा अनुभव त्याला पुस्तकातून मिळवावा लागला नाही.

१९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि सप्टेंबरअखेर म्युनिच येथील कराराने सुडेटेन प्रदेशही त्याच्या पदरात पडला. त्याच वर्षी पंधरा वर्षांच्या एरिकला आई-वडिलांनी इंग्लंडमध्ये शाळेसाठी पाठविले. जीव वाचला, परंतु दोनच वर्षांनी त्या सुरक्षित देशानेही त्याला तुरुंग दाखविला. १९४० मध्ये जर्मनीच्या आक्रमणाच्या भीतीने इंग्लंडच्या सरकारने जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना 'शत्रुराष्ट्रीय' ठरवून स्थानबद्ध केले. हिटलरपासून पळून आलेले यहुदी आणि हिटलरचे भक्त, दोघांनाही एकच शिक्का. सरकारी कागदावर माणसाचा रकाना एकदा ठरला की त्याच्या सुखदुःखाला जागा उरत नाही, याचे याहून कटू उदाहरण शोधून सापडणार नाही.

लिव्हरपूलजवळच्या हायटन येथील छावणीत सतरा वर्षांच्या एरिकला ठेवण्यात आले. तारांच्या कुंपणाआड अनेक प्राध्यापक, कलावंत, संगीतकार होते. करायला काही काम नव्हते. तेव्हा ज्यांच्याजवळ विद्या होती त्यांनी ती वाटायला सुरुवात केली. त्यांत नॉर्बर्ट एलियास हे जर्मन समाजशास्त्रज्ञ होते, तेही निर्वासितच. त्यांची व्याख्याने एरिकने ऐकली आणि माणसांच्या परस्परसंबंधांचाही शास्त्रशुद्ध अभ्यास होऊ शकतो, हे त्याला प्रथमच कळले. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासकाची समाजशास्त्राची पहिली शाळा अशी स्थानबद्धांच्या छावणीत भरली. आपल्याकडेही स्वातंत्र्यलढ्यातील कित्येकांचे शिक्षण येरवड्याच्या आणि नाशिकच्या तुरुंगात झाले, त्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

त्याच वर्षी एरिक अमेरिकेत पोहोचला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात त्याने आधी जीवरसायनशास्त्र घेतले, मग विषय बदलत बदलत तो मानववंशशास्त्राच्या वर्गात येऊन बसला. मध्येच युद्धाने पुन्हा बोलावले. या वेळी तो अमेरिकन सैन्याच्या दहाव्या पर्वतीय डिव्हिजनमधून इटलीच्या डोंगरांत लढला आणि शौर्याबद्दल 'सिल्व्हर स्टार' हे पदक घेऊन परतला. ज्याला पाच वर्षांपूर्वी मित्रराष्ट्रांनीच शत्रू म्हणून कोंडले होते, त्याच्या छातीवर मित्रराष्ट्राचे पदक लागले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना अमेरिकन सरकार शिक्षणाचा खर्च देत असे. त्या साहाय्याने वुल्फ यांनी कोलंबिया विद्यापीठात रूथ बेनेडिक्ट आणि ज्युलियन स्टुअर्ड यांच्याकडे शिक्षण घेतले. प्वेर्तो रिको बेटावरील कॉफीच्या मळ्यांच्या मुलखात राहून त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९५१ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यानंतर मेक्सिको.

मेक्सिकोतील त्यांच्या कामातली एक गोष्ट भारतीय वाचकाने विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. तेथील डोंगराळ भागांत अशी खेडी होती की जी बाहेरच्याला जमीन विकत नसत, बाहेरच्याला गावात राहू देत नसत, आणि श्रीमंत होऊ लागलेल्या माणसाला देवाच्या उत्सवाचा खर्च करायला लावून पुन्हा सर्वांच्या पातळीवर आणीत. पाहणाऱ्याला वाटे, ही प्राचीन काळापासून जशीच्या तशी टिकलेली ग्रामसंस्था. वुल्फ यांनी १९५७ च्या एका निबंधात जावा बेटावरील खेड्यांशी तुलना करून दाखविले की हा बंदिस्तपणा प्राचीन नाही. परकी सत्तेने जमिनी हिसकावल्या, वेठ आणि कर लादले. उरलेल्या तुटपुंज्या जमिनीवर तग धरण्यासाठी खेड्याने स्वतःभोवती कवाड लावून घेतले. आपल्याकडच्या 'स्वयंपूर्ण, अचल' खेड्याची जी प्रतिमा इंग्रज अधिकाऱ्यांनी रंगविली आणि आपणही कौतुकाने स्वीकारली, तिच्याकडे पाहण्याची एक वेगळी दृष्टी या निबंधाने मिळते.

१९६६ साली वुल्फ यांचे शेतकऱ्यांवरील छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. पृष्ठसंख्या शंभराच्या आसपास; पण ज्याने कधी कृषिकर्जाचा अर्ज तपासला असेल त्याने ते दोनदा वाचावे. वुल्फ म्हणतात, शेतकऱ्याला कुटुंबाच्या पोटापुरते धान्य पिकवून भागत नाही. त्याला तीन निधी बाजूला काढावे लागतात. पहिला झीज भरून काढण्याचा : पुढच्या हंगामाचे बियाणे, गुरांचा चारा, अवजारांची दुरुस्ती, गळणारे छप्पर. दुसरा समारंभाचा : लग्नकार्य, सण, उत्सव, गावात माणूस म्हणून नाते राखण्याचा खर्च. तिसरा खंडाचा : जमिनीवर आणि त्याच्या श्रमावर ज्याची सत्ता चालते त्याला द्यायचा वाटा, मग तो धान्यात असो, रोखीत असो वा वेठीत असो. हा तिसरा निधी द्यावा लागतो म्हणूनच तो शेतकरी ठरतो. रानात स्वतःपुरते पिकवणाऱ्या आदिवासीपासून त्याला वेगळे करते ते हेच.

बँकेच्या अर्जात पहिल्या निधीला रकाना असतो. बियाणे, खते, बैलजोडी, मोटार, पाइपलाइन, सारे 'उत्पादक' कर्ज. तिसऱ्यासाठी सातबाऱ्याचा उतारा जोडावा लागतो. दुसऱ्याला मात्र जागाच नसते. मुलीच्या लग्नासाठी पैसा हवा असेल तर अर्जावर विहिरीची दुरुस्ती लिहायची किंवा सावकाराची पायरी चढायची, हे प्रत्येक ग्रामीण शाखेतील अधिकाऱ्याला ठाऊक असते आणि कोणीही ते कागदावर आणीत नाही. शेतकरी लग्नात उधळपट्टी करतो म्हणून बुडतो, असे शहाणपणाने सांगण्याची आपल्याला सवय आहे. वुल्फ यांचे म्हणणे त्याहून खोल आहे. संकटात बी-बियाणे उसने देणारा, नांगरटीला बैल देणारा, मयताला खांदा देणारा शेजारी ज्या नात्यांतून मिळतो, ती नाती या समारंभाच्या निधीवरच उभी असतात. तो खर्च शेतकरी सहजासहजी तोडू शकत नाही. खंडाचा बोजा वाढला की त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात : अधिक पिकवणे, नाहीतर पोटाला चिमटा घेणे. यांपैकी कोणत्या वाटेने तो जातो हे त्याच्या स्वभावावर फारसे अवलंबून नसते. त्याच्यावर सत्ता चालवणाऱ्याची पकड किती घट्ट आहे यावर असते. काटकसरीचे आपण फार कौतुक करतो आणि ते योग्यही आहे, पण लादलेली काटकसर आणि स्वीकारलेले अपरिग्रह व्रत या दोन गोष्टी एक नव्हेत.

याच काळात व्हिएतनामचे युद्ध पेटले होते. वुल्फ तेव्हा मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक होते. १९६५ च्या मार्चमध्ये तेथील काही प्राध्यापकांनी युद्धाच्या निषेधार्थ एक दिवस वर्ग बंद ठेवण्याचे ठरविले. त्यावर गदारोळ झाला. तेव्हा त्यांचे सहकारी मार्शल सालिन्स यांनी तोड काढली की शिकवणे थांबवण्याऐवजी जास्तच शिकवू. २४ मार्चच्या रात्री आठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत सुमारे ३,००० विद्यार्थी आणि शिक्षक व्याख्याने व चर्चा करीत जागले. ही पद्धत मग अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत पसरली. तिच्या आयोजकांत वुल्फ होते. त्यातूनच त्यांचे पुढचे पुस्तक आकाराला आले. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात मेक्सिको, रशिया, चीन, व्हिएतनाम, अल्जिरिया आणि क्युबा या सहा देशांतील शेतकरी उठावांचा अभ्यास आहे. अगदी कंगाल शेतमजूर सहसा उठाव करू शकत नाही, कारण मालकाने धान्य बंद केले की त्याची दुसऱ्याच दिवशी उपासमार. ज्याच्याकडे थोडी स्वतःची जमीन आहे आणि जो ती गमावण्याच्या भीतीने कासावीस आहे तो मधला शेतकरी उठतो, हा त्यांचा निष्कर्ष बराच गाजला.

त्यांची खरी कसोटी मात्र १९७० साली लागली. अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिकल असोसिएशन या व्यावसायिक संस्थेच्या नीतिविषयक समितीचे ते अध्यक्ष होते. काही कागदपत्रे विद्यार्थ्यांच्या हाती लागून समितीपर्यंत आली. त्यांवरून असे दिसत होते की थायलंडमधील बंडखोरी मोडून काढण्याच्या अमेरिकन योजनांना काही समाजशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ सल्ला देत आहेत. डोंगरी जमातींची वस्ती कोठे, त्यांचा पुढारी कोण, कोणाचे कोणाशी वैर, ही माहिती अभ्यासकाला लोक विश्वासाने सांगतात. ती लष्कराच्या हाती गेली तर तिचे काय होईल?

हिंसा केवळ करणाऱ्याची नसते. कृत, कारित आणि अनुमोदित असे तिचे तीन प्रकार आपल्या आचार्यांनी सांगितले आहेत. थायलंडच्या डोंगरात बंदूक चालवणारा सैनिक वेगळा आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून गावांची यादी करणारा विद्वान वेगळा, ही समजूत त्या काळी सोयीची होती. वुल्फ जैन नव्हते आणि हे शब्दही त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु त्यांची भूमिका या विवेचनाच्या अगदी जवळ येते. त्यांनी संबंधित अभ्यासकांना पत्रे लिहून विचारणा केली. संस्थेच्या कार्यकारिणीने मात्र समितीने अधिकार ओलांडले असा ठपका ठेवला. वुल्फ आणि त्यांचे सहकारी जोसेफ जोर्गेन्सन यांनी राजीनामे दिले आणि नोव्हेंबर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात लेख लिहून विषय जाहीरपणे मांडला.

संस्थेने मार्गारेट मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. मीड म्हणजे त्या क्षेत्रातील सर्वांत वजनदार नाव. समितीच्या अहवालाने थायलंडशी संबंधित अभ्यासकांना निर्दोष ठरविले आणि उलट आरोप करणाऱ्यांवरच टीका केली. १९७१ च्या नोव्हेंबरमधील अधिवेशनात सामान्य सभासदांनी तो अहवाल मतदानाने फेटाळला. त्याच वर्षी संस्थेने स्वीकारलेल्या तत्त्वांत असे नमूद झाले की अभ्यासकाची पहिली जबाबदारी ज्यांचा अभ्यास केला जातो त्या लोकांप्रती आहे; ज्ञानाची गरज आणि त्या लोकांचे हित यांत विरोध आला तर लोकांचे हित श्रेष्ठ. मोठ्या संस्थांमध्ये तक्रार करणाऱ्यालाच दोषी ठरवण्याची रीत जगभर सारखीच असते. सभासदांनी ती मोडल्याची उदाहरणे थोडी.

त्यानंतर वुल्फ न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत आले आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिले. या काळातील एक काम लहान वाटते, पण त्यात तानवाल्डचा मुलगा सर्वाधिक दिसतो. इटलीच्या उत्तरेस आल्प्स पर्वतात सांक्ट फेलिक्स आणि ट्रेट ही दोन गावे एकमेकांस लागून आहेत. पहिल्यात जर्मन बोलतात, दुसऱ्यात इटालियनच्या कुळातील बोली. पहिले महायुद्ध संपल्यावर हा सारा मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. वुल्फ १९६० पासून तेथे जात होते आणि जॉन कोल यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९७४ साली आला.

दोन्ही गावांची जमीन सारखी, हवामान सारखे, गुरे सारखी. वारशाचे नियम मात्र विरुद्ध. सांक्ट फेलिक्सचे लोक सांगत, थोरल्या मुलाला अखंड जमीन मिळते. ट्रेटचे लोक सांगत, सगळ्या मुलांना समान वाटा. दोन्ही गावांच्या जमिनीचे कागद आणि घराण्यांचा इतिहास तपासल्यावर निघाले ते वेगळेच. डोंगरातल्या तुटपुंज्या जमिनीचे फार तुकडे केले तर कोणाचेच पोट भरत नाही, म्हणून समान वाट्याच्या गावातही शेत बहुधा एकाच्या हाती राही आणि बाकीचे निघून जात. आणि थोरल्याच्या गावात दर वेळी थोरलाच मिळवी असेही नव्हते. मग भाषेने, संस्कृतीने काहीच फरक पडला नाही काय? पडला. एका गावात घरचा कर्ता म्हणजे सर्वेसर्वा, गाव आपल्यापुरते. दुसऱ्या गावाचा ओढा शहराकडे, नातलगांचे जाळे दूरवर पसरलेले. भिंत होती, पण लोक सांगत होते त्या जागी नव्हती. ज्यांच्या घरी वाटण्या झाल्या आहेत, आणि ज्यांनी वाटणीपत्रातील मजकूर व प्रत्यक्षातील वहिवाट यांतील अंतर पाहिले आहे, त्यांना हे वाचताना परके वाटणार नाही.

१९८२ साली त्यांचा मुख्य ग्रंथ आला. 'युरोप आणि इतिहास नसलेले लोक' असा त्याच्या नावाचा अर्थ. आणि ते नाव उपरोधाने दिलेले आहे. ज्यांना इतिहास नाही असे युरोपने मानले त्यांच्यावाचून युरोपचा इतिहासच घडला नसता, हे त्यात दाखविले आहे. राष्ट्रे आणि समाज म्हणजे बिलियर्डच्या टेबलावरचे टणक, गुळगुळीत चेंडू, एकमेकांवर आपटून दूर जाणारे, ही कल्पना वुल्फ यांना मुळातच अमान्य होती. कॅरमच्या सोंगट्या म्हटले तरी चालेल. युरोपातील टोप्यांसाठी बीव्हर नावाच्या प्राण्याची कातडी हवी झाली आणि त्या व्यापारात उत्तर अमेरिकेतील कित्येक जमातींची वस्ती, वैर, विवाहसंबंध सारे बदलले. घोड्यावर बसून रानगवे मारणारा रेड इंडियन आपण चित्रपटांत पाहतो. तो घोडाच मुळी युरोपियनांनी आणलेला.

या ग्रंथात हिंदुस्थानही आहे. ईस्ट इंडिया कंपनीला चीनचा चहा हवा होता आणि चीनला इंग्लंडचा माल नको होता, तेव्हा चांदीऐवजी हिंदुस्थानची अफू चीनच्या गळी उतरविण्यात आली. बंगाल-बिहारची अफू कंपनीच्या मक्त्याची. माळव्याची अफू खाजगी व्यापाऱ्यांच्या हातून मुंबई बंदरात येई आणि तेथून चीनकडे जाई. मुंबईच्या शेठजींच्या भांडवलाचा एक भाग त्या व्यापारातला आहे, आणि पारशी, मारवाडी, गुजराती व्यापाऱ्यांबरोबर त्यांत जैन नावेही होती. मुंगीला जपणाऱ्या घरांतून ही पेटी गेली. त्या शेठजींनी मंदिरे, धर्मशाळा, पांजरपोळ बांधले हेही खरे आणि कँटनच्या रस्त्यावर अफूने खंगलेला माणूस त्यांनी कधी पाहिला नाही हेही खरे. समाजाच्या गौरवग्रंथांतून पहिली बाजू येते, दुसरी येत नाही. कृत आणि कारित यांचा हिशेब पूर्वजांबाबतही मांडला पाहिजे, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

अशा माणसाला, लहानपणी ज्या राजवटीने देशोधडीला लावले तिचा विचार टाळता येणे शक्य नव्हते. पण तो त्यांनी आयुष्यभर लांबणीवर टाकला. वयाची सत्तरी उलटल्यावर, आजारपणात, त्यांनी शेवटचे पुस्तक पूर्ण केले. त्यात सत्ता आणि कल्पना यांचा संबंध तीन उदाहरणांतून तपासला आहे. पहिले उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्वाकिउट्ल जमातीचे, दुसरे मेक्सिकोतील प्राचीन आझ्टेकांचे, आणि तिसरे हिटलरच्या जर्मनीचे. नाझी जर्मनीला त्यांनी एखादा अनाकलनीय राक्षस म्हणून बाजूला ठेवले नाही. उधळपट्टीच्या मेजवान्या देणारे क्वाकिउट्ल सरदार आणि नरबळी देणारे आझ्टेक पुरोहित यांना ज्या शास्त्रीय दृष्टीने तपासायचे, त्याच दृष्टीने त्यांनी आपल्या शेजाऱ्यांनाही तपासले : ही कल्पना कोठून आली, ती कोणी उचलली, कोणत्या संकटात ती लोकांना पटली, आणि तिच्या आधारे कोणी कोणावर सत्ता चालविली.

हे पुस्तक १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ६ मार्च रोजी न्यूयॉर्कजवळच्या अर्व्हिंग्टन येथे, वयाच्या ७६ व्या वर्षी वुल्फ यांचे निधन झाले.